पहिल्या दिवसाचा चीक

ट्रकमधून उतरलेलं एकेचाळिसावं वासरू समोर आलं तेव्हा तेजलने सवयीने त्याचा कान धरला, पिवळा बिल्ला वाचला आणि वहीत आकडा लिहायचा सोडून ती तशीच उभी राहिली. ४४७१. बिल्ला वाचायची खरं तर गरजच नव्हती. पुढच्या उजव्या पायावर गुडघ्यापर्यंत पांढरा मोजा, कपाळावर उलट्या स्वल्पविरामासारखा ठिपका. हाच कान तिने पंधरा दिवसांपूर्वी धरून ठेवला होता आणि गाईंच्या गोठ्याचा मालक खेरिट याने चिमट्याने त्यात हा बिल्ला ठोकला होता.

"पोरी, मागे अजून एकोणचाळीस आहेत," एव्हर्ट म्हणाला.

तेजलने आकडा लिहिला, मानेवरची शीर अंगठ्याने दाबून फुगवली आणि सुई घातली. वासरू हललं नाही. त्याने मान वळवली आणि तिच्या डगल्याचं बटण तोंडात घेऊन चोखायला लागलं.

वाखनिंगनच्या विद्यापीठापासून बसने पाऊण तासावर एव्हर्टची ही शेड होती. तिला गोठा म्हणायला तेजलची जीभ वळत नसे. लांबलचक, बुटकी इमारत, आत आठशे वासरं. सगळे गोऱ्हे. दुधाच्या धंद्यात गोऱ्ह्याचा उपयोग नाही, पण गाय व्यायल्याशिवाय दूध देत नाही आणि व्याली की निम्म्या वेळा गोऱ्हाच होतो. तो चौदा दिवसांचा झाला की ट्रकमध्ये चढतो आणि अशा शेडमध्ये येतो. इथे त्याला सव्वीस आठवडे कोमट पाण्यात कालवलेली दुधाची पावडर मिळते. त्यात लोह मोजून घालतात, म्हणजे मोजून कमी घालतात, कारण मांस पांढरं राहिलं पाहिजे. मग तो इटलीला जातो. "मी स्वतः खात नाही," एव्हर्टने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "चवच नसते त्याला."

अशा वासराला इथे ‘नुका’ म्हणतात. तेजलला तो शब्द पहिल्यांदा ऐकून ‘नुकतं’ आठवलं होतं. नुकतं जन्मलेलं, म्हणून नुका. आपल्या शोधावर ती दोन दिवस खूश होती. मग कुणीतरी सांगितलं की तो एका डच शब्दाचा तुकडा आहे आणि त्या शब्दाचा अर्थ आहे उपाशीपोटी.

तेजलच्या प्रबंधाचा विषय ते पोटच होतं. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारं जवळपास काही नसतं. माणसाच्या बाळाला ते आईच्या पोटात असतानाच नाळेतून मिळतं. वासराला मिळतं फक्त चिकातून, आणि तेही लवकर प्यायलं तर. पहिले सहा तास सगळ्यांत चांगले. दिवसाभरात आतड्याचं दार बंद होतं, त्यानंतर बादलीभर चीक पाजला तरी तो नुसता खाऊ. अकरा दुधाळ गोठ्यांतून आलेली ऐंशी वासरं घ्यायची, आल्या दिवशी रक्त काढून त्यांच्यात आईचं किती उतरलंय ते मोजायचं, आणि मग दहा आठवडे बघत राहायचं की आजारी कोण पडतं. अकरा गोठ्यांची यादी करताना खेरिटचं नाव तेजलनेच सुचवलं होतं. ती दर शनिवारी त्याच्याकडे धारा काढायला जायची.

त्याच खेरिटकडून तिने चीक आणला होता.

तिची मामेबहीण शर्मिला शहरात, बुइटनव्हेल्डर्टला राहायची. नवरा हरीश बँकेच्या कॉम्प्युटर विभागात, पलीकडच्याच काचेच्या इमारतीत. शर्मिलाला सातवा महिना लागला होता आणि सप्टेंबरात डोहाळजेवण ठरलं होतं. ओटीच्या नारळापासून निशिगंधाच्या वेणीपर्यंत सगळं कुठून ना कुठून जमलं, आणि मग तिला खरवसाचे डोहाळे लागले.

"पावडरीचा नको हं," ती फोनवर म्हणाली होती. "आणि तिसऱ्या दिवसाचाही नको, तो पाणचट होतो. पहिल्या दिवसाचा आण. सुरीने कापता आला पाहिजे."

"ताई, इथे डेअरीत नाही मिळत तो."

"डेअरीत कोण सांगतंय? तू गाईंमध्येच असतेस ना सारखी? एवढी शिकून बहिणीला दोन लीटर चीक आणता येत नसेल तर मग काय उपयोग?"

मागून हरीशचा आवाज आला होता, "तेजल, आण बाई. नाहीतर बाळ जन्माला येऊन आधी माझ्याकडे तक्रार करेल."

त्या शनिवारी खेरिटची एक पहिलारू व्याली. गोऱ्हा झाला. तेजलने संकोचत विचारलं, तेव्हा खेरिटला आश्चर्य वाटलं नाही. त्याची आजीसुद्धा चिकाचे पॅनकेक करायची. त्याने पहिली धार काढली, घट्ट, पिवळीजर्द, जेमतेम चार लीटर, आणि सगळी तिच्या कॅनमध्ये ओतली.

"आणि वासराला?" तेजलने विचारलं होतं.

"गोऱ्हाच आहे," खेरिट म्हणाला. "संध्याकाळच्या धारेचं देतो त्याला."

तेजलने मनात हिशेब केला. आता सकाळचे आठ. संध्याकाळची धार म्हणजे दहा तास. दुसऱ्या धारेत पहिलीच्या निम्मं बळ असतं, आणि दहा तासांनी आतडं निम्मंच घेतं. निम्म्याचं निम्मं. अगदीच शून्य नाही. कालवड झाली असती तर खेरिटने असं केलं नसतं हे तिला दिसत होतं. दोन लीटर परत ओत, हे वाक्य तिच्या ओठांवर होतं. पण तिची गाडी नऊ वाजून वीस मिनिटांची होती, आणि खरवस चाळीस माणसांना पुरवायचा होता. तिने झाकण घट्ट लावलं. संध्याकाळी त्या वासराला खरंच काय मिळालं ते खेरिटने कधी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

खरवस अप्रतिम झाला होता. वेलदोडा, जायफळ, वर केशराच्या दोन काड्या. सुरीने कापल्यावर कड सरळ उभी राहायची. चाळीस माणसांनी तेजलची तारीफ केली. शर्मिलाने थोडा कच्चा चीक काढून फ्रीझरमध्ये ठेवला, बारशाला होईल म्हणून.

आता एव्हर्टच्या कचेरीत छोटं यंत्र रक्ताच्या नळ्या गरगर फिरवत होतं. वर आलेल्या पिवळसर पाण्याचा एक थेंब काचेवर ठेवायचा, डोळा लावायचा, आकडा वाचायचा. पाच पूर्णांक दोनच्या वर असेल तर चीक पोटात पोहोचला. आतापर्यंत चाळीस वासरं पाचच्या आसपासच रेंगाळत होती. पाच-चार, पाच-एक, पाच-सहा. ४४७१ चा थेंब तिने दोनदा ठेवला. चार. चौदा दिवसांच्या वासरात हे माप थोडं ढिलं पडतं, पण इतकं नाही.

तिच्या खांद्यावरून मरायके वाकून बघत होती. मरायके तिची मार्गदर्शक, पन्नाशीची, केस पुरुषी कापलेले, कामाला वाघ.

"चार?" ती म्हणाली. "वा. मला वाटायला लागलं होतं की सगळे एकाच रेषेत उभे राहणार आणि तुझा आलेख म्हणजे एक ढेकूळ होणार. खाली एक तरी पाहिजेच."

"हे वासरू जगेल का?"

"तेच तर आपण विचारतोय ना," मरायके म्हणाली. मग जरा मऊ आवाजात, "ताप सलग दोन दिवस चाळीस किंवा वर गेला, किंवा दूध सोडलं, की औषध. त्याआधी नाही. सगळ्यांना एकच नियम, नाहीतर आकड्यांना अर्थ राहत नाही."

"आणि एखाद्या वासराच्या नोंदीतच गडबड असेल तर?"

"तर ते प्रयोगातून बाहेर. एव्हर्ट त्याला आजपासून हवं ते टोचू शकतो." मरायकेने तिच्याकडे पाहिलं. "का? काही गडबड आहे?"

टेबलावर खेरिटने भरून दिलेला कागद होता. ‘पहिल्या सहा तासांत चीक दिला का?’ या प्रश्नापुढे त्याने सगळ्या वासरांना एकाच निळ्या पेनाने ‘हो’ लिहिलं होतं. तेजल त्या ‘हो’कडे बघत राहिली. खरं सांगायचं तर आधी हे सांगावं लागणार होतं की प्रयोगाच्या यादीतल्या गोठ्यातून, प्रयोगात येणार हे माहीत असलेल्या वासराचा चीक, प्रयोग करणाऱ्या मुलीने बहिणीच्या डोहाळ्यांसाठी उचलला. शिवाय खाली एक तरी पाहिजेच होतं.

"नाही," ती म्हणाली. "सहज विचारलं."

पहिले आठ आठवडे प्रत्येक वासराला स्वतंत्र खण असायचा, लाकडी फळ्यांच्या फटीफटीच्या जमिनीचा. ४४७१ चा खण दाराकडून सातवा होता. तेजल सकाळ-संध्याकाळ तापमान घ्यायची. ती दिसली की तो उठायचा आणि तिची बोटं चोखायचा. त्यात प्रेम वगैरे काही नव्हतं, हे तिला माहीत होतं. चोखायची सवय घेऊनच वासरू जन्मतं आणि बादलीला सड नसतात. रिकाम्या वेळी तो खणाचे गज चाटायचा. सगळीच चाटायची. अंगात लोह कमी पडलं की जनावर लोखंड शोधतं. पण एव्हर्टचे गज स्टीलचे होते, कुठेही गंजाचा ठिपका नव्हता.

"आधी जुने गज होते," एव्हर्टने सांगितलं. "पोरं चाटून चाटून लाल व्हायची. आतून."

रक्तातल्या लोहालाही नियम होता, इथल्या मापात साडेचार. कळपाचं हिमोग्लोबिन सरासरीने साडेचारच्या खाली जाता कामा नये. तेजलने ते पुण्याच्या मापात आणून पाहिलं: सव्वासात. तिच्या आत्याचं सव्वासात झालं होतं तेव्हा तिला ससूनला भरती करून रक्त चढवलं होतं. आणि इथे साडेचार ही पास व्हायची रेघ होती, तीही सरासरीची. एखादा सहाला असेल तर दुसरा तीनला राहू शकतो, कुणी हरकत घेत नाही.

दहाव्या दिवशी ४४७१ खोकला. बाराव्या दिवशी त्याचे कान खाली आले. ताप एकोणचाळीस पूर्णांक सहा. दूध पीत होता, पण शेजारचे पाच मिनिटांत बादली संपवायचे तिथे याला वीस मिनिटं लागायची. पिण्याच्या मध्येच थांबून दम घ्यायचा, नाकातून दुधाचे बुडबुडे यायचे.

"याने दूध सोडलं असं म्हणायचं का?" तेजलने विचारलं.

एव्हर्टने रिकामी बादली उलटी करून दाखवली. "मी सोडलं म्हटलं तर तुझी मरायके येऊन बादली बघेल."

त्या दुपारी तिने शर्मिलाला फोन केला.

"चीक उरलाय का गं अजून?"

"आहे की, अर्धा लीटर. बर्फाचा दगड झालाय. का, तुलाही डोहाळे लागले?"

गोठलेल्या चिकातलं बळ वर्षभर टिकतं. जे त्या वासराच्या रक्तात असायला हवं होतं ते बुइटनव्हेल्डर्टच्या फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीखाली शाबूत होतं. आणि आता ते आणून पाजलं असतं तर पचून गेलं असतं, बस्स.

"नको," ती म्हणाली. "आता त्याचा उपयोग नाही."

"बरं झालं. बारशाला लागेलच."

सोळाव्या दिवशी सकाळी ताप चाळीस पूर्णांक एक होता. तेजलने तो आकडा जवळजवळ आनंदाने लिहिला. उद्या एकदा चाळीस झाला की एव्हर्ट सुई भरणार होता. दुसऱ्या दिवशी सात वाजता ती खणात उतरली. पहाटेची बादली त्याने कशीबशी संपवली होती, पण आता ४४७१ उठला नाही. तिने थर्मामीटर लावला आणि पूर्ण दोन मिनिटं थांबली.

एकोणचाळीस पूर्णांक नऊ.

तिने काच पुसली, पुन्हा लावला. एकोणचाळीस पूर्णांक नऊ. बरगड्या भात्यासारख्या चालल्या होत्या. एव्हर्ट दोन खण पलीकडे उभा होता, हातात औषधाची बाटली तयार.

"किती?" त्याने विचारलं.

शून्य पूर्णांक एक. थर्मामीटरची स्वतःची चूकच तेवढी असते, त्याच्या डबीवर छापलेलं होतं. चाळीस लिहिलं असतं तर कुणाला कळलं नसतं, आणि विज्ञानालाही फारसं दुखलं नसतं. पण पेन कागदावर टेकलं आणि तेजलच्या हाताला खोटा आकडा लिहिता येईना. प्रयोगशाळेत पहिल्या वर्षापासून तिची ख्याती हीच होती. दिसेल ते लिहायचं, हवं ते नाही.

"एकोणचाळीस-नऊ," ती म्हणाली.

एव्हर्टने बाटली खिशात टाकली. "तू फार प्रामाणिक आहेस, पोरी," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, हे तिला जास्त लागलं.

दुपारी तीनला ४४७१ मेला. मरताना तो गज चाटत होता. तेजलने वेळ लिहिली. रस्त्याच्या कडेला, टपालपेटीच्या शेजारी, मेलेली जनावरं झाकायची हिरवी प्लास्टिकची टोपली असते. एव्हर्टने मागचे पाय धरून त्याला तिथवर ओढत नेलं आणि वर टोपली पालथी घातली. सकाळी गाडी येऊन घेऊन जाते. शाळेतून सायकलवर परतणारी मुलं बाजूने गेली, कुणी वळून पाहिलं नाही.

नोव्हेंबरात शर्मिलाला मुलगा झाला. बाराव्या दिवशी बारसं होतं. आठ दिवस घरी येऊन बाळबाळंतिणीला सांभाळणारी डच नर्स नुकतीच गेली होती आणि शर्मिला तिच्या गोष्टी सांगताना थकत नव्हती.

"अगं, काय कडक बाई! पहिले दोन दिवस मला चीक येत होता ना, तर एक थेंब सांडू देईना. चमच्याला लागलेलासुद्धा बोटाने पुसून बाळाच्या तोंडात. म्हणाली, हे सोनं आहे, हे फक्त याचं आहे."

पुण्याहून आलेल्या मामीने खरवसाचं ताट फिरवलं. "घे तेजल. तुझाच आहे."

तेजलने तुकडा हातात घेतला. कड सरळ उभी होती.

"ताई," ती म्हणाली, "ज्या वासराचा हा चीक होता ते मेलं. गेल्या महिन्यात. हा त्याला मिळाला असता तर कदाचित मेलं नसतं."

शर्मिलाने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"काहीतरीच काय, तेजू. बारशाच्या दिवशी?"

"गोऱ्हा होता ना?" मामीने विचारलं.

"हो."

"मग तो तसाही कापणारच होते ना ते लोक?"

"सव्वीस आठवड्यांनी."

"मग झालं तर." मामीने दुसरा तुकडा तिच्या ताटलीत ठेवला. "आपल्याकडे काय वेगळं असतं? जर्सीचा गोऱ्हा झाला की आमच्या गावी त्याला आईपासून लांब बांधतात. चार दिवसांत आपोआप जातो. कुणी पाप लावून घेत नाही, कारण कुणी मारलेलं नसतं."

"मी तर बाई शाकाहारी आहे," शर्मिला म्हणाली. "मांसासाठी जनावरं पाळतात तिथे तू काम करतेस आणि माझ्या मुलाच्या बारशाला मला ऐकवतेस?"

हरीश हसत मध्ये पडला. "जाऊ द्या. तेजल, खा गं. वाया घालवलास तर ते दुप्पट मेलं."

सगळे हसले. तेजलनेही तुकडा तोंडात घातला. जायफळ थोडं जास्त झालं होतं. बाकी उत्तम होता.

डिसेंबरच्या मध्यावर दहा आठवडे पुरे झाले. मरायकेच्या खोलीत पडद्यावर आलेख उघडला होता, आडवं रक्तातलं माप, उभी तब्येत. वर उजवीकडे ठिपक्यांचा घोळका, खाली डाव्या कोपऱ्यात एकटा ४४७१, आणि त्याच्याकडे खेचली गेलेली एक सुरेख तिरपी रेघ.

"या एकाने तुझा प्रबंध उभा केलाय," मरायके म्हणाली. "फक्त एक कोडं आहे. खेरिट म्हणतो चीक दिला होता. मग चार कसा?"

"नव्हता दिला," तेजल म्हणाली.

"तुला कसं माहीत?"

तेजलने सांगितलं. कॅन, नऊ वीसची गाडी, डोहाळे म्हणजे काय, खरवस म्हणजे काय. सांगताना तिचा आवाज स्थिर होता. आपल्याला शिक्षा होईल असं तिला वाटत होतं, आणि ती व्हावी असंही.

मरायकेने चष्मा काढला, डोळे चोळले. "हे तू पहिल्या दिवशी मला सांगू शकत होतीस. मी विचारलं होतं."

"हो."

"तेव्हा त्याला बाहेर काढून औषध दिलं असतं."

"हो."

तेजल वाट बघत होती. मग मरायके कॉम्प्युटरकडे वळली.

"प्रयोग करणाऱ्याने स्वतः ढवळाढवळ केलेलं जनावर धरता येत नाही. ते प्रयोगात आलंच नव्हतं असं धरायचं." तिने एक ओळ निवडली आणि कळ दाबली. कोपऱ्यातला ठिपका गेला. रेघ क्षणभर थरथरल्यासारखी झाली आणि आडवी पडली. त्या रेघेला आता काहीही म्हणायचं नव्हतं.

"प्रबंध लिहिता येईल," मरायके म्हणाली. "फरक आढळला नाही, असा. तोही निष्कर्षच असतो. तुझ्या वर्तनाबद्दल मी वेगळं लिहून देईन. आता आकडे दुरुस्त कर, मला आजच पाठवायचेत."

तेजलने कीबोर्ड पुढे ओढला. एकूण वासरं, ऐंशी पुसून एकोणऐंशी केलं. खालच्या ओळीत मृत वासरांची संख्या होती, एक. ती त्या ओळीवर थांबली.

"तेही," मरायके म्हणाली. "ते एकोणऐंशींत नव्हतं."

तेजलने एक पुसला आणि शून्य लिहिलं.

"एव्हर्टला कळव," कोट घालताना मरायके म्हणाली. "खूश होईल. एकही मेलं नाही असं दरवर्षी होत नाही."